अठ्ठ्याण्णववर थांबलेला पारा

सांगा मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा? "मला दुखतंय" म्हणणाऱ्या माणसावर, की त्याच्या जिभेखालच्या वीतभरही नसलेल्या काचेवर? तुम्ही म्हणाल, माणसावर. पण वेळ आली की सगळे काचेकडेच बघतात. मला ठाऊक आहे, कारण ती काच मीच. मी थर्मामीटर बोलतोय, आणि मान खाली घालून बोलतोय.

शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाने मला विकत घेतलं. एका मशीनवरून वर आलेला माणूस, मनाने वाईट नव्हता. पण त्याचा नियम पक्का. "बोलणं हवेत जातं, आकडा जागेवर राहतो," म्हणायचा. सुट्टी हवी? तोंड उघडा. पारा शंभराच्या वर गेला तर घरी, नाहीतर मशीनवर.

कटिंग मास्तर एकदा कढत चहाचा घोट तोंडात घोळवून आला. मी एकशे तीन दाखवले! पठ्ठ्या दोन दिवस साडूकडे लोळून आला. तेव्हा मला हसू आलं होतं.

मग आली काज-बटणवाली मावशी. "मालक, अंग नुसतं ठेचून काढल्यासारखं झालंय. आठ तास झोपले तरी दमूनच उठते. बाहीची शिवण दंडाला लागली तरी कळ येते. हातात बटण घेते आणि कशाला घेतलं तेच आठवत नाही."

मालकाने मला उजेडात धरलं. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! मावशी, तुमच्यापेक्षा माझं डोकं जास्त तापलंय."

सगळे खो खो हसले. अशी ती अकरा वेळा आली आणि मी अकरा वेळा तेच सांगितलं. तिचं नावच पडलं 'नॉर्मल मावशी'. मी एकदाही खोटं बोललो नाही हो, पण माझ्या खऱ्यावर ती खोटी ठरली. आणि चहावाल्या मास्तराला मी सुट्टी दिली होती!

एके दिवशी तिने साठ शर्टांची काजं उलट्या पट्टीवर, म्हणजे बटणांच्या बाजूला, घेतली. मालक कडाडला, "उद्यापासून येऊ नका!"

"नाही येत," मावशी म्हणाली. "पण खोटारडी म्हणून जाणार नाही. चला माझ्याबरोबर डॉक्टरांकडे."

ढोंग उघडं पाडायचंच म्हणून मालक निघाला, मला खिशात घालून. डॉक्टरबाईंनी मावशीचे आधी काढलेले रिपोर्ट चाळले. रक्त ठीक, एक्स-रे ठीक. मालकाने मान डोलावली. मग बाईंनी मावशीच्या खांद्यावर नुसता अंगठा टेकवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," बाई म्हणाल्या. "रक्ताच्या नाहीतर एक्स-रेच्या तपासणीत सापडत नाही, पण दुखणं खरं असतं. पुरतं जात नाही. औषध, झोप, थोडं थोडं चालणं, यांनी आटोक्यात ठेवता येतं."

"मग मोजायचं कशानं?" मालकाने विचारलं.

"त्यांना विचारा."

मालकाने मला खिशात आणखी खाली दाबलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "मावशी, उद्या या."

आता तिला पाठ टेकायला खुर्ची आहे. दर अर्ध्या तासाने उठून ती दोन फेऱ्या मारते. सकाळी मालक विचारतो, "आज दहापैकी किती?" ती सांगेल तो आकडा वहीत लिहितो. एखाद्या दिवशी तीन, एखाद्या दिवशी आठ. आठला सुट्टी, जिभेखाली काच न घेता.

मी खडू-बॉबिनांच्या खणात पडून असतो. परवा खण उघडा होता. मावशी भिंतीला धरून आत आली. मालकाने विचारलं, तर हसून म्हणाली, "दोन." माल द्यायचा होता ना त्या दिवशी! मालकाने लेखणी टेकवली नाही. "मावशी, खरं सांगा."

ती खाली बघत पुटपुटली, "आठ."

स्वतःचं दुखणं कमी करून सांगायची ही खोड तिला माझ्यामुळे लागली. पारा आहे माझ्यात, पण आज चढते ती फक्त लाज.

तेव्हा मंडळी, एक मागणं. घरात कोणी दुखतंय म्हणालं, तर ते सांगेल तोच आकडा लिहा. आणि तुमचं दुखत असेल, तर आठाचे दोन करू नका. एवढा हिशेब चोख ठेवा.