तीन पायांची शेळी

संग्रहालयातले लोक त्याला सालकाढ्या म्हणत आणि त्याला त्याचं कौतुकच वाटे. धरणात जाणाऱ्या गावांतल्या भिंतींवर खळ लावून कापड चिकटवायचं, वाळलं की हलक्या हाताने ओढायचं; चित्र कापडासकट सुटून येई. संग्रहालयाचं सगळ्यात मोठं दालन असंच भरलं. दारावर पाटी आहे, 'गावकऱ्यांकडून सप्रेम भेट'. घरातून उठवलेल्या माणसांचं प्रेम ते, किती असणार!

पहिली भिंत त्याने आपल्या आत्याच्या घरातली उतरवली. वेली आणि मोर, आजीच्या हातचे. आत्या तयार नव्हती. भिंतीच्या तळाशी तिच्या मुलीने कोळशाने शेळी काढली होती, तीन पायांची. चौथा उद्या काढते म्हणाली आणि त्याच रात्री तापाने फणफणली, ती गेलीच. पोरीचा साधा फोटोही घरात नव्हता. "भिंत जशीच्या तशी नेतो, शब्द देतो," असं भाच्याने म्हटलं, तेव्हा कुठे आत्या दारातून बाजूला झाली.

पुढे घर पाण्याखाली गेलं, आत्या लांबच्या वसाहतीत गेली, गुडघ्यांनी दगा दिला. इतक्या वर्षांनी परवा तिचा फोन आला, "शेळी बघायला येते." तेव्हा याला शेळी आठवली. चित्र चौकटीत बसवताना कडा सरळ कापायच्या, ही त्याची शिस्त. तळाचा ओलसर पट्टा त्याने कापून केरात टाकला होता. मोर शाबूत आले या खुशीत शेळी त्याच्या ध्यानातही राहिली नव्हती.

आत्या आली ती मोरांकडे न बघता थेट खाली वाकली. चौकटीच्या लाकडावरून तिने बोट फिरवलं.

"इथंच होती रे."

खरं सांगायचं, असं त्याने फोन आल्यापासून दहादा ठरवलं होतं.

"लाकडाच्या मागे दबली असेल, नाही?" तिनेच विचारलं.

"हो आत्या. मागे आहे."

"मग असू दे. आहे ना, झालं." ती तिथेच जमिनीवर बसली, पाय पसरून, घरच्यासारखी. बराच वेळ लाकडावर हात ठेवून होती. मग म्हणाली, "मी गेल्यावर तेवढी चौकट काढ. पोरीचं लोकांना दिसू दे. देतोस शब्द?"

त्याने दिला.