एकाच तोबऱ्याची चंदी

खोकला. थांबला. पुन्हा खोकला.

भिजलेले हरभरे.

निळी बादली इकडे, तांबडी बादली तिकडे.

वरातीत नवरदेवाचा फेटा सुटला, तो कुणी बांधलाच नाही.

थांबा, नीट सांगतो. नीट सांगायची मला सवय नाही. माझं सगळं आयुष्य हलण्यात गेलं.

मित्रांनो, मी एक जुना तोबरा आहे. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची जाड कापडाची पिशवी. तिच्यात चंदी घालतात, म्हणजे घोड्याचा खुराक. सिन्नरजवळच्या वस्तीत सावळीराम लग्नाच्या घोड्या पाळतात. मला त्यांच्या वडिलांनी शिवलं. आत गरम श्वास, दातांचा कुरुमकुरुम आवाज, हरभऱ्यांचा वास. मला हे फार आवडायचं. लोक म्हणायचे, "सावळीरामचा तोबरा म्हणजे पक्का माल!"

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या घोडेवाल्याच्या गावात वरात, त्याच्याच तोबऱ्यातून सगळ्या घोड्यांना पहिली चंदी. पाहुण्याचं जनावर परकं वाटू नये म्हणून.

परवाच्या वरातीला विंचूरहून लखन घोडेवाला आला. त्याच्या घोड्याच्या नाकातून पाणी गळत होतं.

"लय खोकतंय रं तुझं जनावर," सावळीराम म्हणाले.

"हायवेची धूळ, तात्या. तुमची चंदी खाल्ली की नवरदेवासकट उडंल बघा."

सगळे हसले. मी आधी त्या घोड्याच्या तोंडाला लागलो. मग, तसाच ओला, आमच्या रेशमा घोडीच्या.

आज रेशमाला ताप आहे. ती मान वर करत नाही.

दुपारी जनावरांच्या डॉक्टर ज्योत्स्नाताई आल्या. म्हणाल्या, "हा विषाणूचा ताप दिसतोय. तपासणीला नमुना घेते. खोकल्यातून पसरतो, ओल्या वस्तूंतून पसरतो. तुमची दुसरी घोडी, कस्तुरी, गाभण आहे ना? तिला लागला तर पोटातलं जाऊ शकतं. सगळं वेगळं ठेवा. आणि मी सांगेपर्यंत एकही घोडी बाहेर न्यायची नाही."

"पिंपळगावच्या वरातीची सुपारी घेतली हाय हो मॅडम. शब्द दिलाय."

"शब्द परत घेता येतो," आतून त्यांची बायको मालनबाई म्हणाल्या. "पोटातलं गेलेलं येतंय व्हय परत?"

सावळीरामांनी फोन लावला आणि येणं जमणार नाही असं पिंपळगावला कळवलं. मग कस्तुरीला शेताच्या कडेच्या छपरात नेलं. दोघींच्या बादल्या वेगळ्या केल्या. अंग घासायचा खरारा वेगळा, लगाम वेगळा. मी मात्र खुंटीवरच होतो. मी दिसतच नाही कुणाला. रोजचा आहे ना!

संध्याकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढून रेशमाच्या तोंडाला बांधलं, थोड्या वेळाने सोडलं. मांडीवर दोनदा झटकलं. हरभरे भरले. कस्तुरीकडे चालू लागले.

मी आतून ओला होतो. मित्रांनो, मला उसवायचं होतं. तिथेच, वाटेत, टराटरा. पण शिवण पक्की होती.

कस्तुरीने मान पुढे केली.

"अवं, थांबा!" मालनबाई धावत आल्या. "बादल्या दोन केल्या आन् तोंडाला बांधायचं एकच?"

"घरचाच हाय गं तो."

"ताप काय घरचा-परका इचारून येतो?"

सावळीरामांचा हात थांबला. ते छपराबाहेर आले. हरभरे त्यांनी खड्ड्यात ओतले आणि वर माती लोटली. मग मला उलटंपालटं करून पाहिलं.

"उकळून घेऊ. बाबाच्या हातचा हाय."

"उकळला तरी उद्या तुमचा हात त्याच्याकडंच जाईल. हिच्याकडनं तिच्याकडं. मी दोन शिवते, दोन रंगाचे."

आता ते मला घेऊन चुलीपाशी बसले आहेत. टाकत नाहीत. उठतही नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला जपा. मी उलटं विनवतो. मला जपू नका. जनावर जपा. प्रत्येकाला त्याचा तोबरा द्या, त्याची बादली द्या. खोकणाऱ्याला घरीच ठेवा, मग तो पाहुणा असो की लाडका. आणि सावळीराम, माझं ऐकू येत असेल तर आता टाका.

आज सकाळीच, हे सगळं व्हायच्या आधी, मालनबाईंनी कस्तुरीच्या पोटावर हात ठेवला, तेव्हा आतून शिंगराची लाथ बसली.