वरुणा नावाची हाक

माझ्या भावाला सहा मुली झाल्या आणि पाच वेळा मार मी खाल्ला. बारशाला आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, आणि ती वाकली की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. हौसेनं घालायचे असतात. पहिल्या दोन वेळा घातलेही हौसेनं. पुढे पुढे त्यांचे हात दमले आणि माझी पाठही.

पहिलीचं नाव मी गोदा ठेवलं. मग मथुरा, द्वारका, काशी. पाचवीच्या वेळी मला रागच आला होता. कोणाचा, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता यायचं नाही. मी पोरीच्या कानात सांगितलं, लंका. पंचवटी हाकेच्या अंतरावर, आणि पोरीचं नाव लंका! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. धोंडीराम, माझा धाकटा भाऊ, हसला नाही. तो बारशाचा लाडू तोंडात टाकून पुन्हा हंडे ठोकायला बसला.

आम्ही तांबट. आमच्या आळीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोड्यांचा ठणठणाट चालतो. त्यामुळे आमच्याकडे कोणी हळू बोलत नाही. पोराला हाक मारायची तर ती हातोड्यांच्या वरून मारावी लागते, आणि एकदा मारली की साऱ्या आळीला त्या पोराचं नाव पाठ होतं. माझंही एकेकाळी होतं.

माझं नाव वरुणा. हे मलाच सांगावं लागतं, दुसरं कोणी सांगणारं उरलेलं नाही. पंचवटीत वाघाडी नावाचा ओढा आहे. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात त्याच्या डबक्यात म्हशी बसतात. त्यालाच जुनी माणसं वरुणा नदी म्हणतात, म्हणजे वरुणदेवाची, पाण्याच्या देवाची. ती येऊन गंगेला मिळते. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. मिळाली की संपली, पुढे तिला कोणी विचारत नाही. मी जन्मले त्या दिवशी वाघाडीला पूर होता. माझ्या बारशाला आत्याच्या मनात गंगाच होतं, पण वडील म्हणाले, “गंगेचं नाव सगळेच ठेवतात. जी तिच्यात जाऊन हरवते, तिचं नाव कोणीतरी ठेवायला नको?” आत्या कुरकुरली, पण तिनं ठेवलं.

आमच्या आळीत तीन गंगूबाया आहेत, चार यमुना आहेत, आणि सीता किती आहेत ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. अरुणा हे नाव हल्ली शिकलेल्या घरांतून ऐकू येतं. वरुणा मात्र मला दुसरी भेटली नाही. लग्नाकार्याला येवल्याला गेले, दिंडोरीला गेले, तिथल्या बायकांना विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, “म्हणजे काय गं?”

अकराव्या वर्षी माझं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, जानकी. त्याच्या नावाला शोभेल असं. त्याचं नाव मी घेत नाही, पण जानकी कोणाची असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षं मी जानकी होते. मूल झालं नाही, तेव्हा त्यांनी दुसरी आणली. पुन्हा ताट आलं, पुन्हा तांदूळ आले, आणि तिचंही नाव त्यांनी जानकीच ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, जिभेला वळण पडलंय, कशाला बदलायचं. त्या दिवसापासून त्या घरात जानकी म्हणून हाक आली की तीच उठायची. मी दोन महिने पाहिलं आणि माहेरी निघून आले.

माहेरी आई होती. ती वरुणा म्हणायची. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत आई गेली, वडील आधीच गेले होते. मग मी धोंडीरामची आक्का झाले, त्याच्या बायकोची वन्सं आणि मुलींची आत्या. स्वयंपाक केला, बाळंतपणं केली, मार खाल्ला. तक्रार नाही. पण माणूस दमतं ते कामानं नव्हे. आई गेल्यापासून मला नावानं कोणी हाक मारली नाही, हे मला खुपत होतं.

सहावी मुलगी एकतीस साली झाली. बारशाच्या आधीच आळीतल्या बायकांनी ठरवून टाकलं, हिचं नाव नकोशी ठेवायचं. तसं नाव ठेवलं की देवाला कळतं म्हणे, आणि पुढचा मुलगा होतो. माझ्या भावजयीचं, गोजराचं, मत कोणी विचारलं नाही. तिनं ते सांगितलंही नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड पांढरंफटक पडलेलं.

पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी वाकले आणि पोरीच्या कानात म्हटलं, वरुणा. मग ताठ उभी राहून मोठ्यानं सांगितलं. पाठीत एकही बुक्का पडला नाही. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. गोजरानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या हातातलं काही काढून घेतलंय. मला वाटलं, हिलाही मुलगा हवा होता, म्हणून नकोशीच हवी होती.

माझा हावरटपणा मी लपवत नाही. ते नाव मला पुन्हा ऐकायचं होतं, दारातून, हातोड्यांच्या वरून. कोणाला का मारलेली असेना, पण हाक ऐकायची होती.

ती आलीच नाही. पोर रांगायला लागली तशी गोजरा तिला म्हणू लागली, “नकू, इकडं ये.” आळीनं तेच उचललं. धोंडीरामला मोठ्या बहिणीच्या नावानं पोरीवर ओरडायला संकोच वाटायचा, तो नुसतं “ए पोरी” म्हणायचा. मी गोजराला टोमणे मारले. चांगलं नाव असताना पोरीला नको नको म्हणून बोलावतेस, लाज नाही वाटत, असंही म्हणाले. ती मान खाली घालून भाकरी थापत राहायची. सहा वर्षं आमचं हे चाललं. मुलगा काही झाला नाही.

सदतीसच्या जूनमध्ये नकूला शाळेत घालायचं ठरलं. मला ताप होता, म्हणून गोजराच तिला घेऊन गेली. दुपारी पोर नाचत परत आली आणि पाटी माझ्यापुढे धरली. “आत्या, मास्तरांनी माझं नाव लिहून दिलंय, गिरवायला.” मला अक्षर ओळखता येतं, वडिलांनी शिकवलं होतं. पाटीवर होतं, नकोशी.

मी अंथरुणातून उठले. “आता ही जन्मभर नकोशी! हे काय केलंस गोजरा? एक नाव तुझ्या तोंडून निघालं नाही?”

गोजरा दिंडोरीकडची. चिडली की तिला गावाकडची बोली येते, पण ती चिडलेली मी तोवर पाहिलीच नव्हती.

“कसं निघल वन्सं? तुमचं नाव हाय ते! मोठ्या नणंदेचं नाव मी तोंडानं घेऊ?”

“माझं?” मी म्हटलं. “माझं कुठलं ते? मी तर जानकी झाले, मग तेही राहिलं नाही.”

“ते तिकडं. हितं सासूबाई तुम्हाला त्याच नावानं हाक मारायच्या. मी नवी नवरी होते, ऐकलंय मी. तवापासून ते नाव तुमचंच. मी एकदाबी घेतलं नाय. पोरीला हाक मारायला तोंड उघडते अन् तुम्ही दिसता.” तिचे डोळे भरून आले. “मला काय हौस होती का माझ्या पोरीला नकू म्हणायची? लय जीव तुटतो माझा. अन् तुम्ही तरी कुठं मारली हाक? सहा वर्सं तुम्ही बी बाळच म्हणता.”

खरं होतं. मी दोनदा प्रयत्न केला होता. आपलंच नाव घेऊन आपणच हाक मारायची, मला वेड्यासारखं वाटलं होतं. मी खाली बसले. जे नाव मी गेलं म्हणून रडत होते, ते या बाईनं इतकी वर्षं माझं म्हणून सांभाळलं होतं. तोंडातून एकदाही काढलं नव्हतं, म्हणजे सांभाळलंच होतं. आणि त्यापायी तिची पोर नकोशी झाली होती. मला तिच्यापुढे माझीच इतकी लाज वाटली, की तापाची आठवणच राहिली नाही.

“गोजरा,” मी म्हटलं, “मी तुला मोकळीक देते. घे ते नाव.”

“नाय जमायचं वन्सं. जीभच वळत नाय.”

“का? घेतलं तर काय होतं?” मला एकदम माझाच राग आला. मी उठून दारात गेले आणि आळीकडे तोंड करून मोठ्यानं ओरडले, “रामचंद्र!” समोरच्या गोरक्षचा हातोडा वरच थांबला. “माझ्या नवऱ्याचं नाव रामचंद्र! ऐकलंत? पडलं का आभाळ?”

गोजरानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग ती हसायला लागली. हसता हसता रडली. मीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. मास्तर वयस्क होते, कंटाळलेले होते. त्यांच्यापुढे आया आणि पोरं दाटीनं उभी होती. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि टाक खाली ठेवला. “काल आई म्हणते नकू, आज आत्या म्हणते वरुणा. असलं नाव मी तरी ऐकलेलं नाही. उद्या तुम्ही तिसरंच सांगाल. हे बघा बाई, पोरगी ज्या नावाला ओ देईल, ते मी लिहीन. आईनं हाक मारायची.”

नकू पटांगणात चिंचेखाली आमच्याकडे पाठ करून बसली होती, चिंचोके वेचत. गोजरानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं डोळे घट्ट मिटले, आणि आमच्या आळीतली बाई जशी हाक मारते, हातोड्यांच्या वरून, तशी हाक मारली.

“वरुणा!”

“ओ,” मी म्हटलं.

निघून गेलं तोंडातून. एकोणीस वर्षं आत अडकून बसलेला ओ, मला विचारून थोडाच बाहेर पडणार होता? मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पोरीनं मान वर केली नव्हती. तिचं नाव तिला कोणी सांगितलंच नव्हतं, एकदा मी कानात सांगितलं तेवढंच, बारा दिवसांची असताना.

गोजरानं पुन्हा हाक मारली. या वेळी डोळे उघडे ठेवून. मी दोन्ही ओठ दातांत धरले. माझ्या आयुष्यात इतकं जड काम मी केलेलं नाही.

तिसऱ्या हाकेला पोर उठली. फ्रॉकच्या ओच्यात चिंचोके घेऊन आमच्याजवळ आली आणि माझा हात ओढून म्हणाली, “आत्या, आई तुला बोलावतेय ना? जा की.”

“मला नाही गं,” मी म्हटलं. “तुला.”