आजीचे तोडे आणि अंगदचं वजन

वाचकहो, जरा कल्पना करा. एकाच वयाची शंभर तान्ही बाळं एका ओळीत बसवली आहेत. सगळ्यांत हलकं या टोकाला, सगळ्यांत वजनदार त्या टोकाला. कुणी रडतंय, कुणी शेजारच्याचं टोपडं ओढतंय. हलक्या बाजूनं मोजलं तर विसाव्या जागी बसलाय सात महिन्यांचा अंगद. आता सांगा, हे बाळ अशक्त आहे का?

कुरुंद्याच्या पंचफुलाबाईंना, म्हणजे अंगदच्या आजीला, तसंच वाटे. त्यांचा जन्म शेळ्या पाळण्यात गेलेला. बाजारात करडू एका हातानं उचललं, की ते किती भरेल हे त्या बिनचूक सांगत. तोच हात त्यांनी नातवालाही लावला. एका हातावर अंगद, दुसऱ्यावर शेजारच्या खतीजाबींचा नातू अबूबकर!

"खतीजा, तुझं लेकरू कसं गच्च भरलंय. आमचंच काहून असं?"

"अगं, त्याचा बाप बघ की! दारातून आडवा व्हऊन येतो!" खतीजाबी हसल्या.

पंचफुलाबाईंना मात्र हसू येईना. घरी येताच त्या सुनेला म्हणाल्या, "राधिका, तुझं दूध पातळ हाय. आता अंगावर पाजणं बंद. शेळीचं दूध देऊ."

राधिकाचे डोळे भरून आले. "आत्याबाई, उद्या वजनाचा दिवस हाय. डॉक्टरीणबाईला तरी इचारू."

"इचार," म्हणाल्या खऱ्या, पण नातवाला चारचौघांत कुणी हलका म्हटलेलं त्यांना सोसणार नव्हतं. सकाळी त्यांनी अंगदला करदोटा, वाळे, कडी सगळं चढवलं. वर स्वतःचे चांदीचे जाडजूड तोडे गुपचूप दुपट्यात गुंडाळले.

दवाखान्यात दुपट्यासकट अंगद झोळीत बसला आणि काटा झपकन खाली गेला. अबूबकरला घेऊन आलेल्या खतीजाबींकडे पंचफुलाबाईंनी ऐटीत पाहिलं.

डॉक्टर रागिणी वाढीच्या तक्त्यावर वजनाचा ठिपका मांडता मांडता थांबल्या. "आजी, याचे ठिपके आजवर एका रेषेनं हळूहळू चढत आले. एका महिन्यात एवढी उडी? काय खाऊ घातलंत?"

त्यांनी अंगदला उचललं, आणि खण्ण! तोडे फरशीवर!

"पंचफुला," खतीजाबी ओरडल्या, "वजनाला आलीस, का सोनाराकडं निघालीस?"

सगळा दवाखाना हसला. डॉक्टरही हसल्या. त्यांनी अंगदचे सगळे दागिने उतरवून पुन्हा वजन केलं, खरा ठिपका मांडला आणि आजींच्या शेजारी येऊन बसल्या. "आजी, दर महिन्याला अशी चांदी बांधली, तर लेकरू आजारानं खंगलं तरी तक्त्यावर दिसणार नाही. मग आम्ही धावून कसं यायचं?"

पंचफुलाबाईंचा चेहरा उतरला. "पण बाई, अबूबकरच्या मानानं..."

"अबूबकर शंभरात नव्वदावा, अंगद विसावा. याला पर्सेंटाइल म्हणतात. ही काही परीक्षा नाही, ओळीतली जागा आहे. अंगद जन्मला तेव्हाही साधारण तिथंच होता, आजही तिथंच आहे. म्हणजे त्याची वाढ बराबर चालली आहे! ठिपके त्याच्या रेषेवरून खाली घसरू लागले, तर काळजी करायची."

"मंग हिचं दूध पातळ न्हाई?"

"तसं असतं, तर रेष अशी चढली असती का? आईचं दूध चालूच ठेवा. सोबत वरणभात कुस्करून, वर तूप घालून भरवा."

पंचफुलाबाई सुनेकडे वळल्या. "पोरी, उगाच बोलले तुला. बाजारातलं करडू न् घरातलं लेकरू एकाच हातानं तोलायला गेले मी!"

राधिका डोळे पुसत हसली.

वाचकहो, आपणही हेच करत नाही का? शेजारच्या लेकराच्या मापानं आपलं लेकरू मोजतो आणि उणं दिसलं की त्याच्या आईला बोल लावतो. प्रत्येक बाळाची रेष वेगळी असते. दर महिन्याला खरं वजन करावं, ती रेष चढते का पाहावं, आणि घसरली तर लगेच दवाखाना गाठावा. तुलना करायचीच, तर त्याच्या मागच्या महिन्याशी करावी!

डॉक्टरांनी अंगदला सतरंजीवर सोडलं. आजीनं दोन्ही हात पसरले. "ये, माझ्या राजा, ये!" अंगद खुदकन हसला, पोटावर सरपटत निघाला, आजीजवळ पोचला, तिला वळसा घातला आणि आईच्या पदराखाली डोकं खुपसून चुटूचुटू दूध पिऊ लागला.