कमरेखाली बधिर

त्या सकाळी सिस्टरनं एकच शब्द कमी लिहिला. एरवी बाई अशी काटेकोर, की ट्रेमधली कात्री तिरकी दिसली तरी तिचं डोकं फिरायचं. पण त्या दिवशी घाई झाली आणि घात झाला.

भूल देणाऱ्या मॅडमचं संशोधन चाललं होतं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा, पेशंट टक्क जागा ठेवायचा आणि त्याला त्रास कमी कशानं होतो ते शोधायचं. निम्म्या पेशंटांच्या कानांवर हेडफोन आणि गाणी, निम्म्यांना काहीच नाही. चिठ्ठी निघेल तसं. नंतर सिस्टरनं विचारायचं, त्रास किती, शून्य ते दहा?

त्या दिवशीचे पेशंट म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक काका. मूत्राशयात गाठ. त्यांच्या बायकोनं सिस्टरला सकाळीच जिन्यात गाठलं.

"काही वाईट निघालं तर यांना कळू देऊ नका हो. हातपाय गाळून बसतील. मी सांगेन, घरी नेऊन, माझ्या पद्धतीनं."

"माझ्यावर सोडा, मावशी. त्यांच्या कानांवर गाणी असतील. शेजारी ढोल बडवला तरी ऐकू जायचं नाही."

काकांची चिठ्ठी हेडफोनची निघाली होती, म्हणून तर एवढी छाती ठोकून बोलली.

इंजेक्शन झालं. मॅडमनी मांडीला बर्फ लावून पाहिला, काकांना गार लागेना. यानंतर फळ्यावर सिस्टर रोज लिहायची, 'कमरेखाली बधिर'. तेवढ्यात शेजारच्या थिएटरातून हाक आली. नुसतंच 'पेशंट बधिर' खरडून ती पळाली.

हेडफोन लावायचं काम थिएटरातल्या मामांचं. त्यांनी फळा वाचला. "बहिऱ्याला गाणी कशाला, काय नाचणारे का तो?" म्हणत हसले आणि हेडफोन खुंटीवर अडकवून टाकले. सर्जननीही तेच वाचलं. पंधरा मिनिटांनी दुर्बिणीच्या पडद्याकडे बघत ते खड्या आवाजात म्हणाले, "हे पार भिंत फोडून बाहेर गेलंय. कापण्यात अर्थ नाही. फार तर तीन महिने."

मॅडमनी हातानं खूण करेपर्यंत बोलून झालं होतं.

सिस्टर परत आली, तिला खुंटीवरचे हेडफोन दिसले, मग फळा दिसला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

दुपारी कागद घेऊन ती काकांच्या खाटेशी गेली.

"त्रास किती, काका?"

"शून्य."

"मनाचाही सांगायचा असतो."

"शून्य लिहा. बाई, फळ्यावर काय लिहिलं होतंत हो? ते मामा फार हसले."

सिस्टरनं सांगितलं. एक शब्द राहिला, चूक माझीच, म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

"रडू नका. आता एक करा, मला बहिराच राहू द्या. मी ऐकलंय हे हिला कळू देऊ नका. ती हातपाय गाळून बसेल."

तेवढ्यात मावशी आल्या. सर्जननी त्यांना बाहेर सगळं सांगितलं होतं. तोंड धुऊन, पदर नीट करून आल्या होत्या, पण डोळे लपत नव्हते.

"अहो, ऐकलंत का? साधीच गाठ निघाली! महिन्याभरात दुकान उघडाल."

काका तिच्याकडे बघत राहिले. "काय म्हणालीस? पुन्हा सांग."

मावशींनी पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज जरा चिरकला.

"वा! मग काय, सुटलो की," काका म्हणाले.

मावशी पायथ्याशी बसल्या आणि चादरीवरून त्यांचे पाय चेपायला लागल्या. इंजेक्शनचा अंमल अजून उतरला नव्हता. त्या हातांकडे काका नुसते बघत होते.

"बरं वाटतंय का?" मावशींनी विचारलं.

"फार बरं वाटतंय," काका म्हणाले. "थांबू नकोस."