साडेसतरा पट्टे

आमच्या गावाचं शहर झाल्याचं आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. तोवर आम्ही नुसतीच धूळ पुसत होतो. दारासमोरचा दोन पदरी रस्ता वर्षभरात सहा पदरी झाला. अलीकडे आमचं घर, पलीकडे ठकीची बालवाडी आणि मध्ये विकास. ठकी चार वर्षांची. तिचा हात घट्ट धरून मी रोज सकाळी विकास ओलांडते.

नवरा म्हणतो, "काळजी करण्यात तू डॉक्टरेट घेतली आहेस." तो पहाटे कामाला निघतो. तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि दिवसभर तो तसाच राहतो, अशी त्याची समजूत आहे. पण गेल्या मंगळवारी एका ट्रकने असा ब्रेक मारला, की ठकी वाचली आणि तिच्या हातातली पाण्याची बाटली चाकाखाली गेली. ती चपटी बाटली मी पर्समध्ये घातली आणि नियोजन कार्यालय गाठलं.

तिथे भिंतीवर भावी शहराचं मोठं चित्र होतं. चित्रात झाडं होती, तलाव होता, सडपातळ माणसं हसत चालत होती. ती रस्ता कुठून ओलांडत होती ते दिसत नव्हतं. चित्राखाली आराखडेसाहेब बसले होते. हे नाव मी ठेवलेलं. बोलायला सज्जन माणूस. मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरासमोर ओलांडायला पांढरे पट्टे मागितले.

"अरेरे," ते बाटलीला म्हणाले. "पण मॅडम, पांढरे पट्टे मारायचे तर पादचारी लागतात."

"आहेत की! मी आहे, मुलगी आहे, बालवाडीची चाळीस पोरं आहेत."

त्यांनी रजिस्टर उघडलं. "मोजणी झालेली आहे. सकाळी सात ते अकरा. वाहनं नऊ हजार एकशे चार. पादचारी शून्य."

"शून्य? मग मी कोण?"

"तुम्ही नुसत्याच पलीकडे जाता. पादचारी म्हणजे पट्ट्यांवरून जाणारा. नियमात तशी व्याख्याच आहे."

"अहो, पण तिथे पट्टेच नाहीत!"

"म्हणून तर शून्य," ते म्हणाले. ढ विद्यार्थ्याला एकदाचं गणित सुटल्यावर मास्तरांचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. "सोमवारी फेरमोजणी आहे. तेव्हाही शून्यच आलं, तर दुभाजकावर जाळी बसेल. मग तुम्ही निश्चिंत! पुढच्या चौकातून ओलांडायचं. दोनच किलोमीटर."

घरी आले तेव्हा सासूबाई मशिनवर कुणाच्या तरी बाह्या जोडत होत्या. चाळीस वर्षं शिवणकाम करतायत. माझं सगळं ऐकून त्यांनी तोंडातली टाचणी काढली.

"मापं घ्यायला आला आणि गिऱ्हाइकाला उभंच केलं नाही, तर छाती शून्यच भरणार. खिडकीच्या गजांचा पांढरा रंग उरलाय ना गं?"

"आई! गुन्हा आहे तो!"

"म्हणून तर अंधारात नको. रविवारी दुपारी करू. उन्हात वाळतोही लवकर."

रविवारी आम्ही दोघी पिवळे रेनकोट घालून रस्त्यावर उतरलो. आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. ठकीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. सासूबाईंनी बालवाडीच्या बाजूने टेप लावला, शिंप्याच्या खडूने रेघा आखल्या. मी रोलर फिरवत होते आणि मनातल्या मनात वकील शोधत होते. तिसऱ्या पट्ट्याला वाहतूक हवालदार आला. मी रोलर पाठीमागे लपवला.

"किती वेळ लागेल?" त्याने वैतागून विचारलं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. "तुम्ही गाड्या अडवल्यात तर तासभर. कार्यालयाकडे माणसं कुठायत? सगळं आम्हालाच बघावं लागतं." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्याने शिट्टी फुंकली. सहाच्या सहा पदर थांबले. वर्षभर मी हात वर करून ओरडत होते, तेव्हा एक रिक्षा थांबली नव्हती. आता कळलं, माझ्या अंगावर रेनकोट नव्हता.

आमच्या बाजूला पोचलो आणि अठराव्या पट्ट्याच्या मध्यावर डबा संपला. "राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "कापड कमी पडलं, की बाही आखूड करायची."

सोमवारी मोजणीवाले काका घडीची खुर्ची टाकून बसले. अंगठ्याखालचं यंत्र टकटक वाजू लागलं. बालवाडीची पोरं गेली, आया गेल्या, त्याच आया परत आल्या आणि अशा जात-येत राहिल्या. सासूबाई दोरा आणायला सहा वेळा पलीकडे गेल्या. अकराला आकडा झाला तीनशे बारा.

"ताई, कालपर्यंत एवढी माणसं होती कुठे?" काकांनी विचारलं.

"व्याख्येबाहेर," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'पादचाऱ्यांची लक्षणीय संख्या पाहता जाळीचा प्रस्ताव रद्द करण्यात येत आहे. सदर ठिकाणी पट्टे अस्तित्वात असल्याने नवीन पट्ट्यांची आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे. सिग्नलचा विचार पुढील आराखड्यात होईल.' पुढचा आराखडा वीस वर्षांनी. तेव्हा ठकी चोवीस वर्षांची असेल. ओलांडेल तिची ती.

"निकाली काढली म्हणे!" मी पत्र आपटलं.

"अगं वेडे, अस्तित्वात आहे म्हणतोय ना? मग आता ते त्यांचं," सासूबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

महिन्याभरात खरंच दोन रंगारी आले. जुने पट्टे पुसट झालेत, उजळायला सांगितलंय, म्हणाले. त्यांनी खऱ्या, जाड, चमकणाऱ्या रंगाने एकेक पट्टा गिरवला. शेवटच्या अर्ध्यापाशी येऊन थांबले.

"दादा, तेवढा पुरा करा ना," मी म्हटलं.

"नाही जमणार ताई. रजिस्टरला साडेसतराच आहेत."

आता पट्टे दिसले, की गाड्या जरा दबकतात. सगळ्या नाही, पण पुष्कळशा. मी खिडकीतून मोजते. ठकी येताना पट्टे मोजत येते. सतरा झाले, की मी तिला कडेवर उचलून घेते.