घड्याळ कानाला

पाळकांना देवाची भीती होती, चर्चच्या खजिनदारांचीही थोडी होती, पण खरी धडकी भरायची ती पहिल्या बाकावरच्या घड्याळजी आजोबांची. आजोबांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता दुकान मुलाच्या ताब्यात देऊन ते रविवारी आपल्याला दुरुस्त करायला येतात, अशी पाळकांची ठाम समजूत होती. तसे आजोबा काही बोलत नसत, साधी जांभईसुद्धा देत नसत. फक्त उपदेश जरा रंगात आला, म्हणजे पाळकांच्या मते रंगात आला, की कोटाच्या खिशातून साखळीचं जुनं घड्याळ काढत आणि कानाला लावत.

घड्याळ बघणारे चर्चमध्ये पुष्कळ होते, त्याचं पाळकांना काही वाटत नसे. पण कानाला? याचा अर्थ वेळ इतका हलेनासा झालाय की घड्याळच बंद पडल्याची शंका यावी.

"अहो, सवय असेल त्यांची," पाळकांची बायको म्हणायची.

"सवय असती तर गाण्याच्या वेळी लावलं असतं, प्रार्थनेच्या वेळी लावलं असतं. माझ्याच वेळी बरं कान खाजतो त्यांचा!"

एक रविवार, फक्त एकच रविवार ते घड्याळ खिशात राहावं, एवढीच पाळकांची इच्छा होती. देवाकडे त्यांनी आजवर मोठमोठ्या गोष्टी मागितल्या होत्या, ही मागायची मात्र त्यांना लाज वाटे. त्यापेक्षा ते मेहनत घेत. आठवडाभर जाडजूड ग्रंथ वाचत, शनिवारी उपदेश कागदावर उतरवून काढत आणि रविवारी तो कागद दोन्ही हातांनी असा घट्ट धरून वाचत, की कुणी येऊन हिसकावून नेणार आहे की काय असं वाटावं. त्या कागदात काय नव्हतं? सगळं होतं. ऐकणाऱ्यांची तेवढी सोय नव्हती.

आपल्या उपदेशात खोट नाही, तेव्हा खोट दुसरीकडे असणार, असा विचार करता करता पाळकांना अपराधी सापडला: टीव्हीवर रोज संध्याकाळी लागणारी ती मालिका. लोकांची मनं तिथंच गुंतलेली, मग इथं कुठून लागणार? लागोपाठ तीन रविवार ते त्या मालिकेवर तुटून पडले. त्यांनी ती कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. खजिनदारांनी तर सभेत टेबलावर हात आपटून त्यांना पाठिंबा दिला. तिसऱ्या रविवारी मात्र आजोबांनी घड्याळ कानाला लावलं ते खाली घेतलंच नाही.

त्याच आठवड्यात आजोबा घरातलं भिंतीवरचं घड्याळ लावायला स्टुलावर चढले आणि घड्याळाआधी स्वतःच खाली आले. पाय मोडला. पाळक लगबगीनं हॉस्पिटलकडे निघाले. रुग्णांना भेटणं हे त्यांचं कामच होतं, आणि वाईटही वाटत होतं. पण आता पहिला बाक काही दिवस रिकामा, हा विचार जिना चढताना मनात आला तो आलाच. त्यांना स्वतःचाच राग आला.

वॉर्डात आजोबा प्लास्टरातला पाय उंच टांगून पडले होते. समोरच्या भिंतीवर एक टीव्ही होता, त्याच्या काळ्या पडद्यावर कुणीतरी टॉवेल वाळत टाकला होता.

"आजोबा, प्रार्थना करू या?" पाळकांनी विचारलं.

"करू की. आधी एक सांगा, काल काय झालं?"

"कुठं?"

"मालिकेत हो! हे डबडं आम्ही आलो त्या दिवशीच बंद पडलंय. थोरल्या सुनेनं कपाटाची किल्ली सासूला दिली की नाही?"

"आजोबा, मी ती मालिका बघत नाही," पाळक ताठ होत म्हणाले.

"बघत नाही? मग तीन रविवार बोललात कशाच्या जोरावर?"

शेजारच्या खाटेवरचा हात मोडलेला ड्रायव्हर खुसूखुसू हसला. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना उरकली. इतकी आटोपशीर प्रार्थना त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकली नव्हती.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बायको कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीसमोर बसली होती. नवऱ्याच्या मालिकेवरच्या पहिल्या उपदेशापासून तिनं आवाज इतका कमी केला होता, की बिचारी नुसत्या ओठांवरून मालिका बघत असावी.

"अगं, त्या किल्लीचं काय झालं?"

तिनं दचकून टीव्हीच्या पुढं पदर धरला. "कुठल्या किल्लीचं?"

"थोरल्या सुनेच्या."

तापात बरळणाऱ्या माणसाकडं बघावं तसं तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग सगळा प्रकार ऐकून घेतला, बराच वेळ हसली, आणि शेजारची खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "बसा. पण मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत." त्यांनी प्रश्नांचा भडिमार केला. तिनं आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाळकांनी हकिगत सांगितली ती सभेचा वृत्तान्त वाचावा तशी. किल्ली दिली नाही, हरवली आहे, शंका थोरलीवर आहे.

"असं नाही हो!" आजोबा कावले. "शंका घेतली कुणी? ती तेव्हा कुठं उभी होती? तोंड कसं होतं तिचं?"

पाळक उठले आणि सासू कुठं उभी होती ते दाखवायला खाटेच्या पायथ्याशी गेले. मग थोरली कुठं होती ते दाखवायला खिडकीशी गेले. मग कारस्थानी धाकटी जाऊ पडद्याआडून कशी बघत होती तेही दाखवणं भाग पडलं, आणि वॉर्डात पडद्यांना तोटा नव्हता.

तिथून गाडी सुटली. रोज पाळक येत, हातातलं संत्रं कधी किल्ली होई, कधी टेलिफोन होई, आणि गोष्ट संपली की आजोबा ते सोलून खात. ड्रायव्हर उशीला टेकून तयारीत बसे. चहा देणारी मावशी किटली घेऊन थांबे. सिस्टर एकदा एका पेशंटच्या तोंडात थर्मामीटर ठेवून विसरली, आणि त्या भल्या माणसानंही धाकटीचं कारस्थान उघडकीला येईपर्यंत तो तोंडातून काढला नाही. सासू करताना पाळकांचा आवाज असा काही चढे, की पलीकडच्या वॉर्डातून कोण भांडतंय म्हणून माणसं बघायला येत.

घरी जाडजूड ग्रंथांवर चष्मा नुसता पडून राही. पाळक आणि त्यांची बायको धाकटीनं किल्ली कुठं लपवली असेल यावर जेवताना वाद घालत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी एका विषयावर इतकं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी थोरली सून एक पिशवी घेऊन घर सोडून गेली. पाळकांना जेवण गेलं नाही. शनिवारी आजोबांना घरी सोडायचं होतं, तेव्हा त्यांनी सकाळीच वॉर्डात जाऊन ती बातमी सगळ्यांना सांगितली. मावशीनं डोळे पुसले.

निघताना सिस्टरनं त्यांना दारात गाठलं. "आता आम्हाला संध्याकाळी टीव्ही लावावा लागणार."

"म्हणजे? दुरुस्त झाला?"

"मंगळवारीच झाला. पण आजोबांनी सगळ्यांना दम भरला होता, मालिकेच्या वेळी कुणी हात लावायचा नाही, उद्या पाळक येऊन सांगतीलच म्हणून."

पाळक जिना उतरले आणि फाटक सोडून थेट गाड्या लावायच्या जागेकडं चालू लागले. त्यांना असा आनंद झाला होता की पाय कुठं पडतायत ते कळत नव्हतं. त्या आनंदातच त्यांनी घरी येऊन नेहमीसारखा उपदेश कागदावर उतरवला. एवढ्यानं सवयी सुटत असत्या तर काय हवं होतं?

रविवारी आजोबा कुबड्या घेऊन हजर. चर्चच्या पायऱ्या त्यांनी मुलाचा हात झिडकारून स्वतः चढल्या आणि पहिल्या बाकावर प्लास्टरचा पाय पुढं पसरून बसले. पाळक प्रार्थनेला उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले, आणि एकेका दुखणाईताचं नाव घेऊ लागले. आजोबांच्या पायासाठी. खजिनदारांच्या बहिणीच्या डोळ्यांसाठी. ओळीनं एकेक नाव ओठांवर येत गेलं.

"आणि प्रभू, परवा घर सोडून गेलेल्या थोरल्या सुनेसाठी. तिचा काही दोष नाही, तुला ठाऊक आहे. किल्ली धाकटीनंच लपवली. बाई माणूस, हातात एक पिशवी, जाणार कुठं? तिला सुखरूप घरी आण."

आपण काय बोललो ते पाळकांना ऐकू आलं, तेव्हा उशीर झाला होता. आता जमीन दुभंगली तर बरं, असं त्यांना वाटलं.

"आमेन!"

तो आमेन खिडक्यांच्या काचांपर्यंत गेला. त्या चर्चमध्ये इतक्या मनापासून, इतक्या सगळ्यांनी मिळून आमेन म्हटल्याची कुणालाच आठवण नव्हती. सगळ्यात मोठा आवाज खजिनदारांचा होता. पाळकांच्या बायकोनं समोरच्या बाकावर डोकं टेकलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते.

पाळकांच्या हातातून कागद सुटला, तरंगत पहिल्या बाकापुढं जाऊन पडला. ते लाल तोंडानं वाकले. कागदावर प्लास्टरचा पाय होता.

"आजोबा, पाय जरा..." ते कुजबुजले.

"दुखतोय," आजोबा म्हणाले. "हलवता येत नाही."

पाळक रिकाम्या हातांनी वर गेले. हात खिशात घातले, बाहेर काढले, कुठं ठेवावेत ते कळेना. त्या दिवसाच्या उपदेशाचा विषय होता रुसून गेलेल्या भावाला शोधायला निघालेला माणूस. कागदावर त्याचे पाच मुद्दे होते, त्यातला एकही आठवेना. फक्त तो माणूस डोळ्यांसमोर दिसत होता. "तो निघाला," पाळक म्हणाले, "तेव्हा घरात कुणालाच सांगितलं नव्हतं." आणि ते दोन पावलं पुढं आले.

मग ते बोलत गेले. त्याच्या पायातली चप्पल तुटली ती त्यांनी दाखवली. वाटेत ज्यानं त्याला चुकीचा रस्ता सांगितला, त्या माणसाचा आवाज त्यांनी जरा धाकट्या जावेसारखा काढला. मागचे लोक पुढं सरकून बसले. शेवटी तो माणूस भावाच्या दारापर्यंत पोचला, पाळकांनी थापेसाठी हात उचलला, आणि त्यांचं लक्ष पहिल्या बाकाकडं गेलं.

आजोबांनी घड्याळ काढलं होतं. कानाला लावलं होतं.

उचललेला हात खाली आला. "तर भाऊ भेटला," ते घाईघाईनं म्हणाले, "आणि सगळं चांगलं झालं," आणि जाऊन बसले. वॉर्डात जमलं ते वॉर्डापुरतंच, इथं आपण होतो तेच आहोत, असं त्यांनी स्वतःला ऐकवलं.

लोक निघाले. दारात जो तो त्यांचा हात जरा जास्तच वेळ हलवत होता, पण पाळकांचं तिकडं ध्यान नव्हतं. सगळ्यांत शेवटी आजोबा कुबड्या टेकत आले.

"आजोबा," आज पाळकांना राहवेना, "आजसुद्धा?"

"काय आजसुद्धा?"

"घड्याळ. कानाला."

"हां, ते," आजोबा म्हणाले. "काटा बघितला तर हा एवढा पुढं गेलेला. म्हटलं, आत्ता तर बोलायला लागलेत, एवढा वेळ होईलच कसा? स्टुलावरून पडलो तेव्हा हे खिशातच होतं. वाटलं, आपटलं आणि पुढं पळायला लागलं."

"मग?"

"मग काय? बरोबर चालतंय." त्यांनी खिसा थोपटला आणि भुवया चढवल्या. "पण तुम्ही शेवटी असा पळ का काढलात? माणूस दाराशी आणून उभा केलात आणि झालं सगळं चांगलं! दार कुणी उघडलं? भाऊ काय म्हणाला? मी हे असं अर्धवट ऐकून घरी जाऊ?"

पाळकांनी आजोबांना कुबड्यांसकट पायरीवर नीट उभं केलं, स्वतः आत गेले आणि चर्चचं दार ओढून घेतलं. बाहेरून कुबडीची थाप पडली.

"कोण आहे?" पाळकांनी आतून विचारलं, आणि तो आवाज त्या भावाचा होता.